सर्टिफिकेटवरचा आवृत्ती क्रमांक आधी वाचा

मा. संपादक,
स. न.

परीक्षांचे निकाल लागले की कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि नाशिकरोड भागात ‘जावा सर्टिफिकेशन’, ‘पायथन सर्टिफिकेशन’ असे फलक झळकू लागतात. कोणत्या जावाचे, हे मात्र त्यावर क्वचितच असते. फी भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, कारण प्रोग्रॅमिंगचे सर्टिफिकेट भाषेचे नसते, त्या भाषेच्या एका आवृत्तीचे असते.

जावाचेच पाहा. २०१४ च्या मार्चमध्ये जावा ८ आली. २०१७ पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. त्यातल्या मोजक्याच दीर्घकाळ सांभाळल्या जातात, त्यांना ‘एलटीएस’ म्हणतात: ११ (सप्टेंबर २०१८), १७ (सप्टेंबर २०२१), २१ (सप्टेंबर २०२३) आणि २५ (सप्टेंबर २०२५). जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या अलीकडच्या व्यावसायिक परीक्षा याच एलटीएस आवृत्त्यांवर बेतलेल्या आहेत. जावा ११ साठी १झेड०-८१९, १७ साठी १झेड०-८२९ आणि २१ साठी १झेड०-८३०. म्हणजे दर सहा महिन्यांनी धावाधाव करण्याची मुळीच गरज नाही. नवी एलटीएस आली तरी तिची परीक्षा यायला काही महिने जातात. तोवर आधीच्या एलटीएसची परीक्षा देणे शहाणपणाचे. हे सर्टिफिकेट तारखेने बाद होत नाही, पण त्यावर आवृत्ती छापलेली असते आणि मुलाखत घेणारा ती वाचतो.

जावा ८ चे सर्टिफिकेट हाती असलेल्यांनी ते निरुपयोगी समजू नये. ८ वर चालणारी कामे अजून भरपूर आहेत. मात्र ८ आणि २१ मधले अंतर एका आठवड्यात भरून निघणारे नाही. भाषेत भर पडलेल्या सोयींची नावेच पाहा: ९ मध्ये मॉड्यूल आले, १० मध्ये ‘व्हार’, १४ मध्ये स्विच एक्स्प्रेशन, १५ मध्ये टेक्स्ट ब्लॉक, १६ मध्ये रेकॉर्ड, १७ मध्ये सील्ड क्लास, २१ मध्ये स्विचमधले पॅटर्न आणि व्हर्च्युअल थ्रेड. याच क्रमाने अभ्यास करावा, कारण पुढचे मागच्यावर उभे आहे. रेकॉर्ड आणि सील्ड क्लास पक्के नसतील तर स्विचमधले पॅटर्न पाठ होतील, समजणार नाहीत. रोज तास-दीड तास दिला तर सहा ते आठ आठवडे धरावेत.

परीक्षेत गुण जातात ते नेमके जुन्या सवयीमुळे. स्विचमध्ये ‘कॅरसिक्वेन्स’ची केस वर आणि ‘स्ट्रिंग’ची खाली लिहिली तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही, कारण प्रत्येक स्ट्रिंग ही कॅरसिक्वेन्सही असते आणि वरची केस खालचीला गिळते. पॅटर्न असलेल्या स्विचमध्ये ‘नल’ (म्हणजे रिकामा संदर्भ) आला आणि त्याची वेगळी केस नसेल, तर ‘डिफॉल्ट’ लिहिलेले असूनही नलपॉइंटर एक्सेप्शन येते. रेकॉर्डच्या कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये ‘धिस’ लावून फील्डला किंमत दिली तर ती चूकच. ही तीन उदाहरणे स्वतः टाइप करून मोडून पाहावीत, वाचून लक्षात राहत नाहीत.

त्याहून चांगला उपाय म्हणजे आपलाच जुना कॉलेज प्रोजेक्ट घ्यावा. संगणकावर ८ आणि २१ असे दोन्ही जेडीके (जावाचे प्रोग्रॅम तयार करण्याचे साधनसंच) शेजारी-शेजारी ठेवावेत. प्रोजेक्टवर आधी ‘जेडेप्स’ (प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे ते दाखवणारे) आणि ‘जेडेप्रस्कॅन’ (कालबाह्य ठरवलेल्या सोयी शोधणारे) ही २१ च्या जेडीकेसोबतच मिळणारी साधने चालवावीत, मग २१ वर कंपाइल करावा. एक्सएमएल फाइलींसाठी जाक्सबी हे पॅकेज वापरले असेल तर ‘पॅकेज अस्तित्वात नाही’ अशी चूक येईल, कारण ११ मध्ये ते जेडीकेतून काढून टाकले. आता ते बाहेरच्या लायब्ररीतून जोडावे लागते. अशी प्रत्येक चूक सुटली की एका आवृत्तीचा अभ्यास खऱ्या अर्थाने झाला.

काही बदल मात्र कंपाइलरही पकडत नाही, आणि त्यातला एक आपल्या मराठीशी थेट संबंधित आहे. अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात; यूटीएफ-८ हे त्यातले एक. इंग्रजी विंडोजवर यूटीएफ-८ मध्ये जतन केलेल्या फाइलीत फक्त ‘नाशिक’ लिहा. ती जावाच्या ‘फाइलरीडर’ने, एन्कोडिंग न सांगता, वाचा आणि ओळीची लांबी छापा. जावा ११ वर उत्तर १५ येईल आणि अक्षरांऐवजी कचरा दिसेल. जावा २१ वर ५ येईल. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण न, काना, श, वेलांटी आणि क मिळून चिन्हे पाच, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. जुनी जावा विंडोजचे एन्कोडिंग गृहीत धरून प्रत्येक बाइट वेगळे अक्षर समजत असे. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झाले. मराठी नावांची यादी हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा फरक माहीत नसेल तर जुन्या आवृत्तीवर नावे बिघडलेली दिसतील आणि दोष डेटाबेसला दिला जाईल. उपाय सोपा: फाइल उघडताना एन्कोडिंग नेहमी स्पष्ट लिहावे.

‘प्रीव्ह्यू’ (म्हणजे प्रायोगिक, अजून पक्की न झालेली) असा शिक्का असलेल्या जावाच्या सोयींवर वेळ घालवू नये. स्ट्रिंग टेम्प्लेट २१ मध्ये प्रीव्ह्यू म्हणून आले, २२ मध्ये पुन्हा दिसले आणि २३ मध्ये काढून घेतले गेले.

पायथनची गोष्ट थोडी वेगळी. दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीची देखभाल पाच वर्षे होते; ३.८ ची ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. इथे परीक्षेचा क्रमांक वाचायला शिकावे. पायथन इन्स्टिट्यूटच्या पीसीईपी-३०-०२ (प्रवेश पातळी) किंवा पीसीएपी-३१-०३ (त्यापुढची पातळी) या परीक्षांच्या क्रमांकांमधले शेवटचे दोन आकडे परीक्षेच्या आवृत्तीचे असतात, पायथनच्या नव्हेत. ३.१२ मध्ये ‘डिस्टयूटिल्स’ हे पॅकेज निघून गेले, त्यामुळे ते वापरणाऱ्या जुन्या नोट्समधली उदाहरणे आता चालत नाहीत. नोट्स कोणत्या आवृत्तीवर तपासल्या आहेत, हे क्लासला विचारावे.

मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट आणि एक्स्पर्ट दर्जाच्या सर्टिफिकेटांना मात्र खरोखरच मुदत असते, एक वर्षाची. नूतनीकरण मोफत आहे, घरबसल्या होते, आणि मुदतीआधी सहा महिने खिडकी उघडते. लवकर केले तरी नुकसान नाही, कारण नवे वर्ष जुन्या मुदतीच्या तारखेपासून मोजतात. पण एक दिवस जरी उशीर झाला, तर पैसे भरून मूळ परीक्षा नव्याने द्यावी लागते. इथे विद्यार्थी अडकतात ते ईमेलमुळे. नोंदणी कॉलेजच्या ईमेलवर केली आणि पदवीनंतर तो बंद झाला, की आठवणीचे पत्र कुणालाच मिळत नाही. नोंदणी पहिल्यापासून स्वतःच्या ईमेलवर करावी. नावाचेही तसेच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. परीक्षेच्या खात्यातले नाव आणि केंद्रावर दाखवायचे ओळखपत्र जुळले पाहिजे, नाहीतर दारातूनच परत यावे लागते.

जुन्या प्रश्नांचे ‘डंप’ विकत मिळतात. ते मागच्या आवृत्तीचे असल्याने उत्तरे चुकतात हे एक, आणि वापर उघडकीस आला तर सर्टिफिकेट रद्द होते हे दुसरे.

आपल्या दैनिकामार्फत शहरातील सर्व प्रशिक्षण संस्थांना विनंती आहे. नव्या बॅचच्या जाहिरातीत तीन गोष्टी छापाव्यात: परीक्षेचा पूर्ण क्रमांक, भाषेची आवृत्ती, आणि सर्टिफिकेटला मुदत असल्यास ती किती. फीच्या पावतीवरही हाच क्रमांक असावा.

आपला,
एक प्रोग्रॅमिंग प्रशिक्षक, नाशिक