विषय : दुसऱ्या मजल्यावरची कोरडी घासाई आणि जिन्यात साचलेली जुन्या रंगाची पूड

टिळकवाडी, बेळगाव

मा. अध्यक्षसाहेब,
स. न. वि. वि.

याआधी मी आपल्याला तोंडी सांगितले, मग सेक्रेटरींच्या फोनवर लिहिले, मग तक्रारवहीत लिहिले. तोंडी सांगितले तेव्हा आपण "बघू या की हो" म्हणालात. फोनवर सेक्रेटरींनी अंगठा पाठवला. तक्रारवहीत माझ्या मजकुराखाली कुणीतरी पेपरवाल्याचा हिशेब मांडला आहे. म्हणून हे पत्र सहीनिशी देत आहे आणि पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

२०३ चे सभासद (नाव लिहीत नाही, पाटीवर आहेच) दिवाळीच्या निमित्ताने दारे, चौकटी आणि ग्रिल घासून रंगवून घेत आहेत. त्याला माझी हरकत नाही. दिवाळीला घर रंगवू नये असे कोण म्हणेल? हरकत एवढीच की घासाई त्यांच्या घरात चालत नाही, कारण घरात नवा सोफा आहे. ती चालते आपल्या सगळ्यांच्या पॅसेजमध्ये, ग्राइंडर लावून, कोरडी. त्यांच्या बरोबर खाली माझे दार. सकाळी दुधाची पिशवी आत घ्यायला जावे तर ओल्या पिशवीवर पिवळट पूड चिकटलेली असते. बोट फिरवले की पिठीसारखी लागते.

त्यांनी काढलेले दार जिन्याला टेकवून ठेवले आहे. आपण वर जाल तेव्हा त्याची कड जरा वाकून पाहावी. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा आणि तळाशी बिल्डिंग नवी होती तेव्हाचा भडक पिवळा. बिल्डिंग १९८४ ची. त्या काळच्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत, शिसे सर्रास घालत. रंग उठून दिसे, लवकर वाळे, टिके. लोखंडावर तर आधी शेंदराचाच हात मारत, आणि तो शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. हल्ली मारतात ते रेड ऑक्साइड लोखंडाचे. त्याच्याशी माझे भांडण नाही.

हे सगळे मी २०३ च्या साहेबांना शांतपणे सांगितले. त्यांनी आत जाऊन नव्या रंगाचा डबा आणला आणि झाकणाजवळचे 'शिसेविरहित' माझ्या नाकासमोर धरले. अहो, डब्यातला रंग लागणार आहे, आणि उडतोय तो दारावरचा! डबा दहादा दाखवला म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा पिवळा पवित्र होत नाही. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा आपल्या देशातला नियम निघाला १ नोव्हेंबर २०१६ ला आणि अमलात आला १ नोव्हेंबर २०१७ ला. (१ नोव्हेंबरला, म्हणजे राज्योत्सव आणि काळा दिन एकाच दिवशी, बेळगावात माणसांचे लक्ष कुठे असते ते आपण जाणता, तेव्हा ही बातमी आपल्या नजरेतून सुटली असेल तर मी दोष देत नाही.) त्याआधीच्या रंगावर अशी सक्तीची मर्यादाच नव्हती. म्हणजे आपल्या बिल्डिंगमधला प्रत्येक जुना थर संशयाचा आहे, आणि तपासून घेईपर्यंत तो शिशाचाच समजून काम करणे हे शहाणपणाचे.

यावर ते म्हणाले, "आपण शिसपेन्सिली चावून मोठे झालो, काय झालं?" पेन्सिलीत ग्राफाइट असते. मी त्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी ग्राइंडर सुरू करायला सांगितला.

माझी उभी हयात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेली, त्यामुळे धूळ म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. डोळ्याला दिसते ती धूळ खाली बसते. दिसत नाही ती आत जाते. आणि बसलेली धूळ वॉचमन केरसुणीने झाडतो तेव्हा ती पुन्हा उडते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग अंगात मुरतो, लहान मुलाच्या बाबतीत निम्म्यापर्यंत. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. माझा नातू दीड वर्षाचा आहे. तो रांगत दारापर्यंत जातो, उंबऱ्यावर हात थापटतो आणि तोच हात तोंडात घालतो. मुलाला शिसे बाधले तर ताप येत नाही, पुरळ उठत नाही. चिडचिड, पोटदुखी, भूक मंदावणे, आणि पुढे अभ्यासात मागे पडणे. आईबाप म्हणतात पोरगं हट्टी आहे. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, माझे नाही.

२०३ चे चिरंजीव अमेरिकेत आहेत, हे आपल्याला त्यांनीच अनेकदा सांगितलेले असणार. तिकडे घरांसाठी असला रंग १९७८ साली बंद झाला, आणि त्याआधीच्या घरात पैसे घेऊन जुना रंग खरवडायचा तर कंत्राटदाराला प्रमाणपत्र लागते. साहेबांनी माझे ऐकू नये, चिरंजीवांना फोन करावा.

रंगाऱ्याच्या हाताखालच्या पोराबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. तोंडाला साधा रुमाल बांधून तो दिवसभर त्या धुळीत उभा असतो, दुपारी तिथेच पायरीवर बसून त्याच हातांनी भाकरी खातो, आणि संध्याकाळी तेच कपडे अंगावर घेऊन घरी जातो. त्याच्याही घरी लहान मूल आहे.

आणि खरवडलेले पोपडे गेले कुठे? मागच्या गटारीकडेला, अळवाच्या वाफ्यात. त्या अळवाच्या वड्या आपल्याही घरी गेल्या आहेत. शिसे कुजत नाही, पावसाने विरत नाही, मातीच्या वरच्या थरात राहते. यंदा त्या पानांना कुणी हात लावू नये अशी पाटी मी कानडी-मराठी दोन्हीत लिहून लावली होती. ती दुसऱ्या दिवशी गायब. कुणी काढली ते मी विचारत नाही.

नियमांचे म्हणाल तर, २०३ वाल्यांनी पुण्याच्या भाच्याकडून महाराष्ट्राचे आदर्श उपविधी मागवून आपल्याला दाखवले असे कळले. आपण कर्नाटकात आहोत, आपल्याला १९५९ चा कर्नाटकाचा सहकार कायदा लागू होतो, हे मी सांगावे लागू नये. आपल्याच नियमावलीत लिहिले आहे की कॉमन जागेत सामान ठेवू नये आणि इतरांना उपद्रव होईल असे काम करू नये. (माझ्या दाराबाहेरचा चपलांचा स्टँड भिंतीला लागून आहे आणि त्याचा कुणाला उपद्रव नाही. तो विषय इथे काढू नये.)

मी एकटाच ओरडतो असा समज पसरवला जात आहे. ३०१ च्या वहिनींचे हेच म्हणणे आहे, त्या फक्त बोलत नाहीत. तळमजल्यावरच्या कानडी मास्तरांना मी सगळे समजावून सांगितले तेव्हा ते "हौदु, हौदु" (हो, हो) म्हणाले. १०२ वाले घरी नसतात, पण असते तर त्यांनाही त्रास झालाच असता. आणि हे २०३ चे पहिलेच प्रकरण नव्हे. एसीचे पाणी माझ्या वाळवणावर कोण सोडत होते, जावयाची गाडी माझ्या जागेत कोण लावत होते, हे मी आजवर मनात ठेवले. आजही काढत नाही.

काम बंद पाडा असे मी म्हणत नाही. जो रंग घट्ट बसला आहे तो तसाच राहू द्यावा, वरून नवा हात मारावा. चिकटून असलेला रंग कुणाला खात नाही. जिथे सुटला आहे तिथे पाणी मारून, वॉटर पेपरने हाताने घासावे. पाणी असताना ग्राइंडर लावू नये, नाहीतर आणखी एक प्रकरण व्हायचे. ब्लोलॅम्पने जाळून तर मुळीच काढू नये, त्याने शिशाचा धूर होतो. खाली प्लॅस्टिक अंथरावे, दार लावून स्वतःच्या घरात काम करावे, लहान मुले आणि गरोदर बाया तिकडे फिरकू नयेत. संध्याकाळी प्लॅस्टिक आतल्या बाजूला गुंडाळावे, ओले पोपडे पिशवीत बांधावेत, आणि जिना झाडू नये, साबणाच्या पाण्याने पुसावा, फडके पुन्हा पुन्हा धुऊन. पोराला नीट बसणारा एन-९५ मास्क द्यावा. दाराचा एक पोपडा प्रयोगशाळेत पाठवावा, आणि माझ्या नातवाच्या रक्ततपासणीसह तो खर्च २०३ ने सोसावा. यात जगावेगळे काही नाही. सोफ्यावर चादर टाकली की झाले.

आठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला,
१०३ चे सभासद
(मेंटेनन्स आजवर वेळेवर भरणारे)

प्रत : सेक्रेटरी, खजिनदार. २०३ ला प्रत देत नाही, त्यांना कळेलच.

ता. क. जिन्याच्या कठड्याच्या रंगकामाचे कोटेशन आपण याच रंगाऱ्याकडून मागवल्याचे वॉचमन म्हणाला. तो कठडा धरून सगळेच चढतात, आणि त्याच्याही तळाशी तोच पिवळा आहे. मंजुरीआधी ओली घासाई, प्लॅस्टिक आणि रोजचे पुसणे हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे. नसल्यास त्या कामाची माझ्या हिश्शाची रक्कम मी भरणार नाही. हे पत्र तेच लेखी कळवणे समजावे.