सुट्टीच्या दिवशी ड्युटीवर कोण असते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत त्यावर विशेष पान येते. कुठे जावे, आरक्षण कधी करावे, गर्दी कशी टाळावी, सगळे त्यात नीट सांगितलेले असते. ते पान मी आवडीने वाचते. पण ज्यांच्या कामावर ही सगळी सहल उभी असते, त्यांच्याविषयी त्यात एकही ओळ सापडत नाही. माझी सारी नोकरी हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये झाली. आधी खोल्या केल्या, म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या झाडून-पुसून लावल्या, मग पर्यवेक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत विभागाचा ड्युटी चार्ट माझ्याकडे होता. त्या अधिकाराने हे पत्र लिहीत आहे.

कोणी कोणत्या दिवशी, कोणत्या शिफ्टला यायचे आणि कोणाचा वीकली ऑफ कधी, हे ड्युटी चार्टवर ठरते. बाहेरून तो साधा तक्ता वाटतो. पण फुरसतीचा उद्योग कसा चालतो हे समजून घ्यायचे असेल, तर ताळेबंदाआधी हा तक्ता पाहावा. आरक्षण विभागाकडून पुढच्या दिवसांचा अंदाज येतो: किती खोल्या भरलेल्या, किती रिकाम्या होणार, किती नवे पाहुणे येणार. मुक्काम चालू असलेली खोली लवकर आवरते. चेकआउटच्या खोलीत मात्र चादरी, अभ्रे, टॉवेल सगळे बदलायचे, बाथरूम घासून कोरडे करायचे, पलंगाखाली आणि कपाटात राहिलेले सामान पाहायचे. जोडून सुट्ट्या आल्या की सकाळी अर्धे हॉटेल रिकामे होते आणि दुपारी तितकेच लोक किल्ली मागत काउंटरसमोर उभे असतात. मधल्या थोड्या तासांत सगळ्या खोल्या तयार व्हाव्या लागतात. अशा वेळी चार्टवर लाल पेनाने लिहिले जाते: ऑफ कॅन्सल.

बदल्यात कॉम्प ऑफ, म्हणजे दुसऱ्या दिवशी भरपाईची सुट्टी मिळते, नाही असे नाही. पण ती मधल्याच एखाद्या मंगळवारी. त्या दिवशी मुले शाळेत, नवरा कामावर, मैत्रिणी आपापल्या ड्युटीवर. बाई घरी एकटी, धुणे वाळत घालते आणि झोपते. सुट्टी कागदावर तेवढ्याच तासांची असली, तरी माणसांत बसण्याची वेळ निघून गेलेली असते. ती पुढच्या महिन्याच्या पगारात भरून देता येत नाही.

हे कोणा एका दुष्ट मॅनेजरमुळे होत नाही. या धंद्याची घडणच तशी आहे. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. विमानातली सीट, नाट्यगृहातली खुर्ची यांचेही तेच. अमेरिकेत 1978 साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत मागणीप्रमाणे रोजचा दर बदलण्याचे तंत्र विमान कंपन्यांनी बसवले. हॉटेलांनी ते उचलले. दर रोज बदलू लागला तशी माणसांची गरजही रोज नव्याने मोजली जाऊ लागली. मग कायम नोकरीत थोडे लोक ठेवायचे आणि बाकीचे कंत्राटावर, लागेल त्या दिवशी बोलवायचे. धंद्यातली जोखीम खरे तर भांडवलाने पेलायची असते. ती हळूहळू खोली करणाऱ्या बाईच्या आठवड्यावर येऊन बसली.

त्यात मालकी अनेक थरांत वाटलेली. मॅरियट या अमेरिकन हॉटेल कंपनीने 1993 साली इमारतींची मालकी एका कंपनीकडे आणि व्यवस्थापन दुसऱ्या कंपनीकडे अशी विभागणी केली, ती जगभर गाजली आणि पुढे हीच रीत झाली. आता पाटीवरचे नाव एकाचे, इमारत दुसऱ्याची, चालवणारी कंपनी तिसरी, आणि लाँड्री, सफाई, सुरक्षा आणखी वेगवेगळ्या कंत्राटदारांची, हे नेहमीचे आहे. पाहुण्याला एकच गणवेश दिसतो. पण आपला ऑफ का रद्द झाला, असे एखाद्या मुलीने विचारले तर उत्तर कोणी द्यायचे? कंत्राटदार म्हणतो, हॉटेलने माणसे मागितली. हॉटेल म्हणते, मालकाने बजेट इतकेच दिले. मालक म्हणतो, ब्रँडचे नियम आहेत. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या कराराप्रमाणे खरे असते आणि मुलीला उत्तर मिळत नाही. मनोरंजन उद्याने, मल्टिप्लेक्स, क्रूझ, मोठे संगीत कार्यक्रम यांतही थरांची नावे तेवढी बदलतात.

मला याचे विशेष वाईट वाटते ते इतिहासामुळे. फुरसत ही या उद्योगाने समाजाला दिलेली भेट नाही. ती कामगारांनी भांडून मिळवली आणि उद्योग तिच्या मागून आला. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपल्या मर्जीचे, ही मागणी घेऊन 1886 साली शिकागोत कामगार रस्त्यावर आले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तो 1890 साली यशस्वी झाला. फ्रान्समध्ये 1936 साली लाखो कामगार संपावर गेले, कारखान्यांत ठाण मांडून बसले आणि त्यातून प्रत्येकाला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. तिथल्या त्या वेळच्या सरकारात क्रीडा आणि फुरसत असे खातेच होते. लिओ लाग्रांज त्याचे प्रमुख. रजा दिली पण प्रवासाला पैसे कुठून आणणार, हे ओळखून त्यांनी कामगारांसाठी सवलतीचे रेल्वे तिकीट सुरू केले. त्या उन्हाळ्यात अनेक कुटुंबांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा 1938 सालचा. कामगार कुटुंबांसाठीच्या सुट्टी-छावण्या, म्हणजे राहणे, जेवण आणि करमणूक एकत्र देणारी ठिकाणे, पुढे भरभराटीला आल्या त्या याच रजेवर. विश्रांती आणि फुरसत हा माणसाचा हक्क आहे, असे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या 24 व्या कलमात 1948 साली लिहिले गेले. त्या कलमात खोली करणारी बाईही येते.

फुरसत म्हणजे फक्त विकत घ्यायची वस्तू, हीही अलीकडची समजूत. इंग्लंडमधल्या बर्कनहेड येथे 1847 साली सार्वजनिक पैशातून मोठे उद्यान लोकांसाठी खुले झाले, ते पाहून प्रभावित झालेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या अमेरिकन उद्यानरचनाकाराने पुढे सहकाऱ्यासोबत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी केली. उद्याने, वाचनालये, खेळाची मैदाने ही सरकारची बाजू. गायनमंडळे, गिर्यारोहण संस्था, हौशी नाट्यसंघ ही लोकांनी स्वतः चालवलेली बाजू. उद्योग ही तिसरी. चर्चा मात्र तिसरीचीच होते, कारण जाहिराती तिच्याच असतात. आमच्या विभागातल्या बायकांना पहिल्या दोन बाजूंचाच काय तो आधार होता. ज्या खोल्या त्या रोज लावत, त्यांचे भाडे त्यांना कधीच परवडणारे नव्हते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी फेटाळत नाही: लोक सुट्टीवर असताना कोणाला तरी काम करावेच लागणार. बरोबर आहे. सुट्टीच्या दिवशी काम करायला आमच्यातल्या कोणाची ना नव्हती. भरलेले हॉटेल, आनंदात आलेली कुटुंबे, निघताना चिठ्ठी लिहून जाणारी मुले, यात कामाचा आनंदही असतो. मागणी एवढीच की वेळापत्रक आधी कळावे आणि घेतलेल्या दिवसाची भरपाई नीट व्हावी. ही माझ्या मनची कल्पना नाही. हॉटेल आणि रेस्टॉरंट कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1991 साली 172 क्रमांकाचा करार केला. कामाचे वेळापत्रक शक्यतो इतके आधी सांगावे की कामगाराला आपले वैयक्तिक आणि कौटुंबिक आयुष्य आखता येईल, असे त्यात आहे. सार्वजनिक सुट्टीला काम केल्यास भरपाई द्यावी, टिप मिळत असली तरी मूळ वेतन नियमित द्यावे, हेही आहे. फार थोड्या देशांनी त्याला मान्यता दिली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मात्र 2018 पासून कायदाच आहे: किरकोळ विक्री, हॉटेल आणि खाद्यसेवा क्षेत्रातल्या मोठ्या मालकांनी वेळापत्रक लेखी आणि आधी द्यायचे. सुरुवातीला ही मुदत 7 दिवस होती, 2020 पासून ती 14 दिवस झाली. त्यानंतर ऐन वेळी बदल केला तर बहुतेक वेळा जादा पैसे द्यावे लागतात. तिथली हॉटेले अजून चालू आहेत.

माझ्या चार्टवरही एक गोष्ट करून पाहिली होती. दोन आठवड्यांचा चार्ट आधीच लावायचा, प्रत्येकीला आळीपाळीने जोडून शनिवार-रविवार द्यायचा, आणि बदल हवा असेल तर तिला विचारून करायचा. वरच्यांना भीती होती की गर्दीच्या दिवशी माणसे कमी पडतील. झाले उलटे. ऐन वेळी येणारे आजारपणाचे फोन कमी झाले, कारण घरच्या कामासाठी खोटे बोलायची गरज उरली नाही. आपापसात अदलाबदल करून मुली चार्ट सांभाळू लागल्या. पुढे व्यवस्थापन बदलले, सफाई कंत्राटावर गेली आणि ती पद्धत मोडली. कंत्राटदाराच्या करारात माणसांची संख्या लिहिलेली होती. त्यांच्या सुट्टीबद्दल एक शब्द नव्हता.

म्हणून आपल्याकडे विनंती आहे. पुढच्या सुट्टी विशेष पानावर एक कोपरा या लोकांसाठी ठेवावा. एखाद्या खोली करणाऱ्या बाईची, राइड चालवणाऱ्या मुलाची, बँक्वेटमध्ये, म्हणजे हॉटेलातल्या मेजवान्यांना, रोजंदारीवर येणाऱ्या वाढप्याची मुलाखत घ्यावी आणि पुढच्या रविवारी तुम्ही कुठे असाल हे तुम्हाला आज ठाऊक आहे का, हा प्रश्न जरूर विचारावा. हॉटेलांची क्रमवारी छापताना खोल्या, जेवण आणि पोहण्याचा तलाव यांच्या जोडीला त्यांचा ड्युटी चार्ट किती दिवस आधी लागतो, तेही विचारून छापावे. उत्तर द्यायला नकार मिळाला, तर तसेही छापावे.

आपली वाचक,
हॉटेल हाउसकीपिंगमधील एक निवृत्त पर्यवेक्षिका