मेन स्ट्रीटवर थांबायचे कुठे?

महोदय,

पुण्याच्या कॅम्प या छावणी भागातल्या मेन स्ट्रीटवरच्या एका बुटांच्या दुकानात मी १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षे काढली. महात्मा गांधी रस्ता हे नाव पाटीवर. आम्हा कॅम्पातल्या माणसांच्या तोंडी मेन स्ट्रीटच. वेस्टएंड टॉकीजचा सहाचा खेळ सुटला की फुटपाथ भरून जायचा. नाझ हॉटेलचे समोसे खाऊन हात पुसत माणसे दुकानात शिरायची. पायाचे माप घ्यायला मी खाली बसलेलो असायचो आणि समोरच्या बाकावर सुट्टीवर निघालेला जवान, पारशी आजी, सदाशिव पेठेतून मुद्दाम ‘कॅम्पात’ आलेले कुटुंब, असे सगळे शेजारी शेजारी. दिवाळीत आणि नाताळात मालक रात्री दहालाही शटर ओढू द्यायचे नाहीत.

गेल्या शनिवारी नातीला घेऊन गेलो होतो. साडेआठलाच आमच्या रांगेतली तीन दुकाने बंद. नाझ, वेस्टएंड कधीच गेले. मॅनीजचे पुस्तकांचे दुकान २०१२ मध्ये मिटले. मार्च २०२१ मध्ये तर दहा दिवसांच्या अंतराने आधी शिवाजी मार्केटला आणि मग फॅशन स्ट्रीटच्या कपड्यांच्या बाजाराला आग लागली.

मॉल आले, लोक घरबसल्या मागवू लागले, हे खरेच आहे. पण कयानी बेकरीसमोर आजही रांग लागते! माणसे येतात, बिस्किटे घेतात आणि तशीच परत फिरतात. दुकानात बायका चपला बघण्याआधी हळूच विचारायच्या, “काका, इथे जवळपास बाथरूम आहे का?” मला दूरचा पत्ता सांगावा लागे, फार लाज वाटे. लहान मूल बरोबर असले की त्या खरेदी अर्धवट टाकून निघत. अशी कितीतरी गिऱ्हाइके पुन्हा दिसली नाहीत.

२०१७ मध्ये जीएसटी आल्यावर कॅम्पाचा कारभार पाहणाऱ्या कँटोन्मेंट बोर्डाचे उत्पन्न आटले. कॅम्पाचा नागरी भाग महापालिकेत घेण्याची बोलणी वर्षानुवर्षे चालली आहेत. विलीनीकरण व्हायचे तेव्हा होवो. तोवर राज्य सरकारने पैसे देऊन महावीर चौक ते सरबतवाला चौक एवढ्या पट्ट्यात तरी बायकांसाठी दोन स्वच्छ स्वच्छतागृहे बांधावीत, रात्री अकरापर्यंत उघडी ठेवावीत आणि म्हाताऱ्यांना टेकायला बाक टाकावेत. नात त्या दिवशी दमून दुकानाच्या पायरीवर बसली होती.

– एक निवृत्त विक्रेता, भीमपुरा, पुणे कॅम्प