बार्बरा जॉर्डन आणि नकाशावरची रेघ

ऑस्टिन, टेक्सस

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

मुलीकडे येऊन तीन आठवडे झाले. इथल्या विमानतळावर सामानाची वाट पाहत असताना एका कृष्णवर्णीय बाईंचा ब्राँझचा बसलेला पुतळा दिसला. जावई म्हणाले, हे टर्मिनलच यांच्या नावाचे आहे : बार्बरा जॉर्डन. मला हे नाव केवळ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रकरणामुळे ठाऊक होते. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो आणि सारखी तुझी आठवण झाली, कारण या बाईंच्या कारकिर्दीच्या मुळाशी तुझाच जुना विषय आहे : प्रभागरचना.

बाईंचा जन्म १९३६ चा, ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. वक्तृत्वाचा वारसा तिथलाच असावा. बोस्टन विद्यापीठातून १९५९ साली कायद्याची पदवी घेऊन त्या परतल्या आणि आईवडिलांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरच त्यांनी वकिली मांडली.

१९६२ आणि १९६४ अशा दोन्ही वेळा त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक हरल्या. त्या काळी तिथले उमेदवार संपूर्ण हॅरिस काउंटीतून, म्हणजे ह्यूस्टनच्या अख्ख्या जिल्ह्यातून, निवडले जात, त्यामुळे कृष्णवर्णीयांची एकगठ्ठा मते गोऱ्या बहुसंख्येच्या समुद्रात विरून जात. पुढे लोकसंख्येच्या प्रमाणात मतदारसंघ आखावेत असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, १९६६ साली मतदानासाठी भरावा लागणारा करही रद्द झाला, आणि नव्याने आखलेल्या मतदारसंघातून त्याच वर्षी बाई ३१ जणांच्या राज्य सिनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आल्या. १८८३ नंतर तिथे बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य आणि त्या वेळच्या एकमेव स्त्री. उमेदवार तीच, शहर तेच. बदलली ती मतदारसंघाची रेघ. एका रेघेने तुझी नगरपालिका कशी घालवली, हे मी तुला काय सांगावे!

सिनेटमध्ये त्यांनी आदळआपट केली नाही. सभागृहाचे नियम पाठ केले, जुन्या विचारांच्या गोऱ्या सदस्यांशी उठबस ठेवली आणि कामे करून घेतली. टेक्ससचा पहिला किमान वेतन कायदा होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मार्च १९७२ मध्ये सहकाऱ्यांनी त्यांना सिनेटचे हंगामी अध्यक्ष निवडले. त्या पदाच्या प्रथेनुसार १० जून रोजी त्या एक दिवसाच्या गव्हर्नर झाल्या. समारंभाला आलेले वडील त्याच दिवशी आजारी पडले आणि दुसऱ्या दिवशी गेले. लेकीला त्या खुर्चीत बसलेले पाहून गेले, एवढेच.

आता खरी गोम ऐक. १९७१ साली मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा सिनेटच्या त्या समितीच्या उपाध्यक्ष बाईच होत्या. ह्यूस्टनमध्ये काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, त्यांना अनुकूल असा अठरावा मतदारसंघ तयार झाला, तर त्यांच्या जुन्या सिनेट मतदारसंघातले कृष्णवर्णीयांचे बळ कमी झाले. राज्याच्या प्रतिनिधिगृहातले कृष्णवर्णीय सदस्य कर्टिस ग्रेव्हज यांनी बाईंनी समाजाची जागा विकल्याचा उघड आरोप केला आणि १९७२ मध्ये त्यांच्याविरुद्ध, पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक लढवली. ती ते सपशेल हरले आणि बाई काँग्रेसवर निवडून गेल्या. मला मात्र तो आरोप सहज झटकून टाकता येत नाही.

पुढचे तुला माहीत आहे. २५ जुलै १९७४ रोजी निक्सनवरील महाभियोगाच्या चर्चेत त्या म्हणाल्या की, ‘आम्ही लोक’ या शब्दांत सुरुवातीला माझी गणना नव्हती, तरीही राज्यघटनेवर माझी संपूर्ण श्रद्धा आहे. आपल्या उद्देशिकेची सुरुवातही त्याच शब्दांनी होते, म्हणून मी ते भाषण दोनदा वाचले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांचे शरीर पोखरले. १९७९ मध्ये काँग्रेस सोडून त्या इथल्याच विद्यापीठात शिकवू लागल्या. १९९६ साली त्या वारल्या. इथल्या राज्य दफनभूमीत पुरल्या गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. येत्या रविवारी तिकडे जाणार आहे.

त्या समितीत तू असतास, तर रेघ कुठून ओढली असतीस? सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत