मंत्रीमहोदय, ‘०.०५ पेक्षा कमी’ म्हणजे नेमकं किती?

मा. पाणीपुरवठा मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

आमच्या गावच्या विहिरीचा अहवाल परवा एकदाचा हाती आला. शिसे : ०.०५ मि.ग्रॅ. प्रतिलिटरपेक्षा कमी. खाली शिक्का : ‘पिण्यास योग्य’. महोदय, आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा ०.०१ आहे. ०.०५ होती १९९१च्या मानकात. २०१२मध्ये ती बदलली. म्हणजे पाण्यात मर्यादेच्या चौपट शिसं असलं तरी हा कागद ‘योग्य’च म्हणणार. मशीनला त्याखालचं दिसलं नाही, सबब नाही!

यावल तालुक्यात रसायनशास्त्र शिकवण्यात उमर गेली, म्हणून जास्त झोंबतं. एवढं थोडं शिसं मोजायला महागडंच यंत्र लागतं असं नाही. लिटरभर पाणी अधिशोषकाच्या, म्हणजे धातू अंगाला धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या, नळीतून सोडायचं, शिसं त्याला चिकटतं. मग दहा मिली आम्लानं ते सोडवून घ्यायचं. सगळं सुटून आलं तर शंभरपट घट्ट नमुना. जुन्या मशीनलाही दिसेल. ब्राझीलच्या संशोधकांनी २०११मध्ये नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं असंच धरून मोजलं. कशावर? केळीच्या सालीच्या भुकटीवर! केळी पिकवायची रावेर-यावलनं, अक्कल चालवायची ब्राझीलनं.

गेल्या उन्हाळ्यात शुद्धीकरण यंत्राचा शब्द मिळाला होता. आली एक निळी टाकी. आतला मीडिया, म्हणजे धातू धरणारा अधिशोषक, बसवल्यापासून बदललेला नाही. अधिशोषक भरला की धातू धरत नाही, पुढे सोडून देतो. ऑपरेटरला विचारलं तर म्हणतो, “सर, लाइट लागतोय ना? मग चालूये.”

सून नातवाला घेऊन चोपड्याला माहेरी गेली. पाण्याचं मिटल्याशिवाय येणार नाही म्हणते. तिचं काय चुकलं? मी या वयात गाडीला जार बांधून फैजपूरहून पाणी आणतो. मागच्या महिन्यात जार घसरला, मीही घसरलो. गुडघ्याचं बिल पेन्शनीतून गेलं. घरात नातवाची सायकल भिंतीला टेकून आहे, ती हलवायलाही कोणी धजत नाही.

माणशी ५५ लिटर, हे भिंतीवर रंगवलंय. तीन हजार वस्तीला रोज १ लाख ६५ हजार लिटर. तुमचंच ०.०५ धरलं तर रोज आठ ग्रॅम, वर्षाला तीन किलो शिसं. नळानं घरपोच! हिशेब ढोबळ आहे. नेमका करायला आकडा कुठे दिलाय तुम्ही?

टेंडर टाकीचं निघतं, पाइपाचं निघतं, उद्घाटनाच्या मांडवाचंही निघत असेल. मीडिया बदलण्यावर कोनशिला बसवता येत नाही ना, मग कोण बदलणार? पीकविम्यात तेच, एसटीत तेच. कागद हिरवा, माणूस पिवळा.

नमुना घट्ट करून पुन्हा मोजा. मीडिया बदला आणि बदलल्याची तारीख टाकीवर लिहा. पुन्हा ‘पेक्षा कमी’ लिहिलेला कागद पाठवू नका.

आपला,
एक निवृत्त मास्तर, यावल तालुका

ता.क. केळीच्या साली लागल्या तर कळवा. गाडीभाडं तेवढं शासनानं द्यावं.