पत्त्यांतल्या लढाईचे नियम मराठीतून हवेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला आणि १९९३ साली बाजारात आलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ आता परभणीतल्या आमच्या ओसरीवरही रोज खेळला जातो. माझा मुलगा आणि त्याचे मित्र मराठी माध्यमात शिकतात, पत्त्यांवरचा मजकूर मात्र इंग्रजीत असतो. त्यामुळे डाव अडतो तो बहुतेक वेळा लढाईच्या टप्प्यात.

मध्यंतरी मुलाला एका स्पर्धेला नेले होते. समोरच्या मुलाचे वीसपैकी चारच जीवनगुण उरले असताना (ते शून्यावर आले की डाव हरला) याने पाच बळाचा, ‘ट्रॅम्पल’ (म्हणजे अडवणाऱ्याला पुरून उरलेले नुकसान खेळाडूला देणारा) असे लिहिलेला प्राणी हल्ल्याला पाठवला. त्या मुलाने एक लहान प्राणी आडवा घातला आणि लगेच दुसऱ्या पत्त्याच्या जोरावर तोच प्राणी बळी दिला. हल्ला एकदा अडवला गेला आहे, सबब नुकसान शून्य, असा निर्णय पंचांनी दिला आणि पुढे मुलगा तो डाव हरला.

साध्या प्राण्यापुरता हा निर्णय अगदी बरोबर ठरला असता, कारण अडवणारा नाहीसा झाला तरी हल्लेखोर ‘अडवलेला’च राहतो. पण ट्रॅम्पल असेल आणि अडवणारा एकही उरला नसेल, तर सगळे नुकसान थेट खेळाडूला बसते. म्हणजे डाव तिथेच जिंकलेला होता. पंचांना मी दोष देत नाही. ही बारकाई आपल्या भाषेत त्यांना तरी कुठे वाचायला मिळणार होती?

लढाई पाच पायऱ्यांनी चालते: सुरुवात, हल्लेखोर जाहीर करणे, अडवणारे जाहीर करणे, नुकसान आणि शेवट. कोणती गोष्ट कोणत्या पायरीवर केली, यावर सारे अवलंबून असते. हल्ला जाहीर झाल्यानंतर हल्लेखोराचा पत्ता ‘टॅप’ करून, म्हणजे वापरल्याची खूण म्हणून आडवा फिरवून, काही साधत नाही, आणि अडवून झाल्यावर टॅप झालेला प्राणीसुद्धा आपला वार करतोच. ‘फर्स्ट स्ट्राइक’ असेल तर नुकसानाची एक पायरी आधी येते, आणि तीत मेलेल्याला उलट वार करता येत नाही. ‘डेथटच’ (ज्याचे एक नुकसानही प्राण्याला मारायला पुरते) आणि ट्रॅम्पल एकत्र आले की मोठी माणसेही गोंधळतात: सहा बळाच्या अशा प्राण्याला तिघांनी अडवले, तर प्रत्येकाला एकेक नुकसान पुरते आणि उरलेले तीन खेळाडूला देता येते.

त्यात नियम बदलतात. अनेकांनी मिळून अडवल्यास हल्लेखोराला आधी त्यांचा क्रम लावावा लागत असे. ती अट नोव्हेंबर २०२४ मध्ये गेली आणि आता नुकसान हवे तसे वाटता येते. ओसरीवर मात्र अजून जुन्या क्रमावरून भांडणे होतात. मेंढीकोट आम्ही आजीच्या मागे बसून शिकलो; हा खेळ तसा शिकवणारे घरात कोणी नाही.

म्हणून विनंती अशी की, आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला असा एकेक पेच उदाहरणासह मराठीत सोडवून द्यावा, आणि त्यात ट्रॅम्पल, फर्स्ट स्ट्राइक हे पत्त्यांवरचे शब्द तसेच ठेवून खाली त्यांचा अर्थ सांगावा, म्हणजे मुलांना पत्ता आणि लेख शेजारी ठेवून ताडून पाहता येईल. पहिले चार पेच लिहून पाठवायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक पालक, परभणी