‘विकृत’ म्हणण्याआधी

मा. संपादक, स. न.

आपल्या रविवार पुरवणीत ‘सिक’ या १९९७ च्या अमेरिकी माहितीपटाबद्दल चारच ओळी होत्या आणि त्यांत ‘विकृत’ हा शब्द दोनदा आला. मी तो पाहिला आहे आणि मला १९ वर्षांपासून संधिवात आहे, म्हणून लिहिते.

किर्बी डिक यांचा हा माहितीपट बॉब फ्लॅनगन या कवी-कलावंतावर आहे. त्याला सिस्टिक फायब्रोसिस होता. या जन्मजात आजारात फुप्फुसांत घट्ट, चिकट कफ साचत राहतो आणि श्वास कोंडतो. हा मुलगा मोठा होणार नाही, असं डॉक्टरांनी धरलं होतं. तो ४३ वर्षं जगला, जानेवारी १९९६ मध्ये गेला. शेरी रोझ या सोबतिणीशी त्याचं नातं बीडीएसएमचं, म्हणजे हुकूम आणि वेदना यांतून लैंगिक सुख घेण्याचं होतं. तिनं हुकूम करायचा, यानं सोसायचं, आणि हे दोघांनी ठरवून. काही दृश्यं मला बघवली नाहीत. तरी उठले नाही.

माझ्या गुडघ्यातलं पाणी किती वेळा काढलं, याची मोजदाद राहिलेली नाही. ‘थोडं दुखेल हं’ हे सुई आत गेल्यावर ऐकू येतं. ‘थांबा’ म्हटलं की ‘झालंच, झालंच’. सकाळी बोटं मिटणार की नाही हे आजार ठरवतो, कुठे टोचायचं हे बाकीचे. असं नातं ठेवणारी माणसं मात्र थांबण्याचा एक शब्द आधीच ठरवून घेतात. तो उच्चारला की सगळं थांबतं. मला असा शब्द एकाही दवाखान्यात मिळाला नाही.

माहितीपटात शेवटी बॉबचा आजार बळावतो, त्याला काही झेपत नाही आणि शेरी हट्ट धरते. तिथे मला तिचा राग आला. पण ते भांडण दिग्दर्शकानं कापलं नाही, हे बरं केलं.

आमच्याकडे उलट झालं. मला दुखेल म्हणून आमचे हे हळूहळू हात लावायलाच घाबरू लागले. डॉक्टरांनी झोप, भूक, शौच सगळं विचारलं. जवळिकीबद्दल कधीच नाही. मीही कधी बोलले नाही.

परस्परसंमतीच्या अशा वागण्याला जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात विकारांतून वगळलं आहे आणि ते २०२२ पासून लागू आहे. आपल्या पुरवणीत ‘विकृत’ छापताना हे कुणी पाहिलं होतं का?

मी राहते तो भाग महर्षी कर्व्यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांचे चिरंजीव र. धों. यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवलं, वाचकांच्या असल्या प्रश्नांना न लाजता उत्तरं दिली. आपल्या आरोग्याच्या पानावर एखाद्या संधिवाततज्ज्ञाकडून लिहून घ्या: सांधे दुखत असताना जवळीक कशी ठेवायची, नवऱ्याशी हा विषय काढायचा कसा. पहिला प्रश्न मी पाठवते.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे
(कृपया नाव छापू नये.)